पाठीवर सॅक, समोर व्हिएतनाम : हनोईहून दक्षिणेकडे

निघण्यापूर्वी

कमी खर्चात परदेश पाहायचा म्हणजे सर्वांत स्वस्त तिकीट, सर्वांत स्वस्त खोली आणि सर्वांत स्वस्त जेवण शोधत फिरायचे, अशी समजूत बरीच रूढ आहे. ती मला मान्य नाही. पैसा कमी असेल तर त्याच्या जागी दुसरे काहीतरी द्यावे लागते आणि ते बहुधा वेळ, पायपीट किंवा निघण्याआधी केलेला अभ्यास या रूपात असते. यांपैकी कोठे काय द्यायचे आणि कोठे मात्र पैसाच मोजायचा, हे ठरवण्याला मी नियोजन म्हणते. मार्च महिन्यात एकटीने व्हिएतनामचा उत्तर-दक्षिण प्रवास केला, तेव्हा हा विचार रोज तपासून पाहता आला. म्हणून ही हकिकत दिवसांच्या क्रमाने लिहीत आहे.

देश निवडताना मी दोन गोष्टी पाहिल्या : तेथे उतरल्यानंतरचा रोजचा खर्च किती, आणि फिरण्याची वाट एकाच दिशेने जाते का. व्हिएतनाम लांबट आणि मध्यभागी अतिशय चिंचोळा असल्यामुळे हनोईपासून हो ची मिन्ह सिटीपर्यंत, म्हणजे जुन्या सायगॉनपर्यंत, जाणाऱ्या १,७२६ किलोमीटरच्या एकाच लोहमार्गावर किंवा त्याच्या जवळपास मला पाहायची असलेली सारी स्थळे येत होती. आल्या वाटेने परतावे लागत नाही, हा मोठा लाभ आहे, कारण त्या परतीत पैसा आणि दिवस दोन्ही जातात आणि नवे काही दिसत नाही. म्हणून विमानाची तिकिटे एकाच शहराची न काढता उतरण्याचे हनोईचे आणि निघण्याचे हो ची मिन्ह सिटीचे, अशी काढली. ती किंचित महाग पडली, तरी देशांतर्गत परतीच्या भाड्यापेक्षा तो फरक पुष्कळच कमी होता.

महिना निवडताना थोडा अभ्यास करावा लागला. संपूर्ण व्हिएतनामला एकच ऋतुचक्र लागू पडत नाही. उत्तरेत डिसेंबर ते फेब्रुवारी थंडी आणि झिमझिम असते. मध्य व्हिएतनामात सप्टेंबरपासून वर्षअखेरीपर्यंत जोरदार पाऊस पडतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हुए व होई आन या शहरांत पुराचे पाणी शिरते. दक्षिणेत डिसेंबर ते एप्रिल कोरडा काळ असतो. तिन्ही भाग एकाच खेपेत पाहायचे असतील तर मार्च आणि एप्रिल हे महिने सर्वांत सोयीचे ठरतात. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीमध्य या काळात कधीतरी येणारा तेत, म्हणजे त्यांचा नववर्षाचा सण, मी मुद्दाम टाळला. त्या दिवसांत सगळा देश आपापल्या गावी जातो, गाड्या भरलेल्या असतात आणि खाणावळी बंद असतात.

व्हिसासाठी कोणा मध्यस्थाची गरज नाही. व्हिएतनामचा ई-व्हिसा १५ ऑगस्ट २०२३ पासून सर्व देशांच्या नागरिकांना मिळतो आणि ९० दिवसांपर्यंत चालतो. एकदाच प्रवेश हवा असेल तर शुल्क २५ डॉलर आणि अनेकदा हवा असेल तर ५० डॉलर आहे. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी खासगी संकेतस्थळे याच कामाचे कितीतरी अधिक पैसे घेतात, त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वी पत्ता नीट तपासावा. शुल्क परत मिळत नाही आणि नावातील एखादे अक्षर किंवा पासपोर्ट क्रमांकातील एखादा आकडा चुकला, तर विमानात चढण्याआधीच अडवले जाण्याची शक्यता असते. म्हणून व्हिसा हाती आल्यावर तो पासपोर्टशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावा आणि त्याची छापील प्रत जवळ ठेवावी.

प्रवास विमा ही काटकसर करण्याची जागा नाही. रुग्णालयातील उपचार आणि गरज पडल्यास मायदेशी आणण्याचा खर्च, या दोन बाबी मी त्यात आवर्जून पाहिल्या. पॉलिसीतील वगळलेल्या गोष्टींची यादीही वाचली, आणि त्या यादीमुळेच मोटारसायकल भाड्याने घेण्याचा विचार सोडला. व्हिएतनाममध्ये स्कूटर सहज मिळते, परंतु तेथे वैध ठरेल असा परवाना नसताना अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारते, आणि तसे झाले तर सबंध प्रवासात वाचवलेल्या पैशांच्या अनेक पटींनी भुर्दंड बसू शकतो.

सॅक चाळीस लिटरची घेतली आणि भरल्यानंतर तिचे वजन सात किलोच्या आत ठेवले, कारण स्वस्त विमान कंपन्या केबिनमध्ये बहुधा तेवढेच वजन नेऊ देतात आणि चेक-इन सामानाचे वेगळे पैसे घेतात. लवकर वाळणारे मोजके कपडे, पातळ टॉवेल, पावसाळी जॅकेट, नेहमीची औषधे, कानात घालायचे बोळे आणि एक लहान कुलूप, असा तिचा ऐवज होता. रोजचा खर्च, म्हणजे राहणे, खाणे आणि शहरातल्या शहरात फिरणे, सात लाख डोंगांच्या (डोंग हे तेथले चलन) आत ठेवायचा असे ठरवले. एका डॉलरला पंचवीस हजारांहून अधिक डोंग मिळतात हे लक्षात घेतले की हा आकडा वाटतो तेवढा मोठा नाही. लांबच्या गाड्या आणि प्रवेशशुल्के यांची रक्कम मात्र मी वेगळी काढली. ती रोजच्या खर्चात मिसळली, की महागड्या तिकिटाच्या दिवशी मनुष्य जेवणात हात आखडता घेतो किंवा जे पाहायला एवढ्या दूर आला तेच पाहायचे टाळतो.

पहिला दिवस : हनोई

विमान निवडताना ते नोइ बाइ विमानतळावर दिवसाउजेडी उतरेल हे पाहिले होते. मध्यरात्री पोहोचणारे विमान स्वस्त होते, परंतु त्या वेळी बस नसते, टॅक्सी करावी लागते आणि अनोळखी शहरात हॉस्टेलचे दार शोधावे लागते. एकट्या बाईने तेवढी बचत करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

विमानतळावर सिमकार्ड आणि रोख रक्कम ही दोनच कामे केली. एटीएम दर वेळी शुल्क घेते, म्हणून थोडे-थोडे पैसे अनेकदा काढण्यापेक्षा एकदाच जास्त काढावेत. यंत्र रक्कम तुमच्या स्वतःच्या चलनात वळती करून देऊ का असे विचारते, तेव्हा नकार द्यावा आणि व्यवहार डोंगमध्येच होऊ द्यावा, कारण यंत्राने देऊ केलेला दर कार्ड देणाऱ्या बँकेच्या दरापेक्षा जवळजवळ नेहमीच वाईट असतो. नोटा हाती आल्यावर त्या ओळखून घेण्यासाठी पाच मिनिटे द्यावीत. सर्व नोटांवर पुढील बाजूस स्वातंत्र्यलढ्याचे नेते हो ची मिन्ह यांचेच चित्र आहे आणि वीस हजारांची व पाच लाखांची नोट दोन्ही निळसर आहेत. पाच लाखांच्या नोटा मी पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवल्या आणि शेवटपर्यंत तो कप्पा बदलला नाही.

शहरात जाण्यासाठी ८६ क्रमांकाची बस आहे. ती जुन्या वस्तीजवळून रेल्वे स्थानकापर्यंत जाते आणि तिचे भाडे टॅक्सीच्या अगदी लहानशा अंशाइतके असते. हॉस्टेलमध्ये पोहोचल्यावर त्यांनी पासपोर्ट मागितला. परदेशी पाहुण्याची नोंद स्थानिक पोलिसांकडे करणे तेथे प्रत्येक निवासस्थानाला बंधनकारक आहे, त्यामुळे यात संशय घेण्यासारखे काही नाही. नोंद होईपर्यंत मी तिथेच थांबले आणि पासपोर्ट परत घेऊन खोलीकडे गेले.

डॉर्ममधील, म्हणजे अनेकांच्या सामायिक खोलीतील, एका बिछान्याचा दर शहरागणिक साधारण दीड ते अडीच लाख डोंग असतो. हॉस्टेल निवडताना दरापेक्षा मी चार गोष्टी पाहते : केवळ स्त्रियांसाठी वेगळी खोली आहे का, प्रत्येकासाठी लॉकर आहे का, स्थानकापासून पायी किती अंतर आहे आणि राहून गेलेल्या लोकांनी अलीकडे स्वच्छतेबद्दल काय लिहिले आहे. पहिल्या दोन रात्रींचेच आरक्षण आधी केले होते. पुढच्या मुक्कामांची आरक्षणे एखाद-दोन दिवस आधी केली, म्हणजे एखादे गाव आवडले तर तेथे थांबण्याची मोकळीक राहिली.

दुसरा दिवस : हनोई

सकाळी साहित्य मंदिर, म्हणजे व्हान मिएव, पाहिले. कन्फ्यूशियसच्या स्मरणार्थ १०७० मध्ये त्याची स्थापना झाली आणि १०७६ मध्ये तेथे राजविद्यालय सुरू झाले. आतल्या अंगणात दगडी कासवांच्या पाठीवर उभे केलेले ८२ शिलालेख आहेत. राजदरबारी परीक्षांत उत्तीर्ण झालेल्या विद्वानांची नावे त्यांवर कोरलेली आहेत. इथले खुए व्हान काक हे लाकडी सज्जाचे छोटे दालन एक लाख डोंगांच्या नोटेवर छापलेले आहे. आदल्या दिवशी नोटा न्याहाळल्या होत्या त्यामुळे ते पाहताक्षणी ओळखता आले, आणि माझ्या वाटेवरची आणखी दोन स्थळेही नोटांवर आहेत हे तेव्हाच ध्यानात आले.

बा दिन्ह चौकात हो ची मिन्ह यांनी २ सप्टेंबर १९४५ रोजी स्वातंत्र्याची घोषणा वाचली. त्याच चौकातील त्यांची समाधी फक्त सकाळीच उघडी असते आणि सोमवारी व शुक्रवारी बंद असते. शहरात मोजकेच दिवस असणाऱ्याने असे बंद वार आधी लिहून काढले पाहिजेत, कारण एका बंद दारामुळे अख्खा दिवस पुढे ढकलला की त्याबरोबर एका रात्रीचे भाडेही वाढते.

दुपारनंतरचा वेळ पूर्णपणे बिनखर्चाचा होता आणि तोच मला अधिक भावला. लाल नदीवरील लाँग बिएन पूल फ्रेंचांनी १८९९ ते १९०२ या काळात बांधला. मधोमध रेल्वेमार्ग आणि दोन्ही बाजूंना दुचाकींसाठी व पादचाऱ्यांसाठी चिंचोळी वाट, अशी त्याची रचना आहे. अमेरिकी बॉम्बफेकीत त्याचे अनेक गाळे कोसळले आणि पुन्हा उभे राहिले. जुने व नंतरचे गाळे वेगळ्या घडणीचे असल्यामुळे चालताना कोणता भाग कधी पडला असेल याचा अंदाज बांधता येतो.

जेवणाविषयी येथेच लिहिते. मी शाकाहारी आहे आणि अंडे खाते. व्हिएतनामी स्वयंपाकात माशांपासून केलेला नुओक माम हा रस सर्रास वापरतात आणि फो या नूडल्सच्या सूपचे पाणी बहुधा हाडे उकळून केलेले असते, त्यामुळे ‘मांस नको’ एवढे सांगणे पुरेसे होत नाही. परंतु बौद्ध परंपरेमुळे प्रत्येक शहरात ‘चाय’ अशी पाटी लावलेल्या शाकाहारी खाणावळी असतात, तेथे भात, टोफू, भाज्या आणि सूप असे पोटभर जेवण मिळते आणि ते स्वस्तही असते. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक व्हिएतनामी लोक स्वतः शाकाहार पाळतात, त्या दिवशी या खाणावळी गर्दीने भरतात. न्याहारीला अंड्याची बान मी, म्हणजे फ्रेंच धाटणीच्या पावात भरलेले सँडविच, वीस-तीस हजार डोंगांत होते.

तिसरा दिवस : निन बिन्ह

हनोईहून निन बिन्ह ११५ किलोमीटरवर आहे आणि रेल्वेने सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. हनोईतून येथे येणाऱ्या एक दिवसाच्या सहली बऱ्याच आहेत. त्यांत जेवण, नाव, सायकल असे सर्व काही असते, पण प्रत्येक ठिकाणी गर्दीच्याच वेळी पोहोचायचे असते. येथे मुक्काम केला तर हॉस्टेलचे भाडे हनोईहून कमी आणि सकाळ-संध्याकाळ आपल्या मालकीची, म्हणून मी राहायचे ठरवले.

चांग आन हा चुनखडीच्या सुळक्यांमधून आणि पाण्याने भरलेल्या गुहांमधून जाणारा जलमार्ग आहे. २०१४ मध्ये युनेस्कोने त्याला निसर्ग आणि संस्कृती या दोन्ही निकषांवर जागतिक वारसास्थळांत घेतले. नावेचे तिकीट अडीच लाख डोंग आहे आणि फेरीला तीन तासांच्या आसपास लागतात. एका नावेत चौघे बसतात. एकट्या प्रवाशाला बाकीच्यांची वाट पाहत थांबावे लागते, पण भाडे आपल्यापुरतेच द्यावे लागते. हे तिकीट वेगळ्या काढलेल्या रकमेतून घेतले आणि मनात कसलाही हिशेब न ठेवता ते तीन तास घालवले. नाव वल्हवणाऱ्या बहुतेक स्त्रियाच आहेत. गुहेचे छत इतके खाली येते की सर्वांना मांडीपर्यंत वाकावे लागते आणि त्या मात्र अंधारातही भिंतीला वल्ह्याचा स्पर्श होऊ न देता नाव बाहेर काढतात. उतरताना आमच्या नावेतल्या बाईंना आम्ही चौघांनी मिळून तिकिटाव्यतिरिक्त काही पैसे दिले. आपल्याकडे पैसे कमी आहेत म्हणून दुसऱ्याच्या श्रमांची किंमत कमी करावी, हे मला योग्य वाटत नाही. फळवाल्या आजींशी पाच हजार डोंगांवरून घासाघीस करण्याने आपले अंदाजपत्रक सावरत नाही. ते सावरते ते मुक्काम किती आणि गाड्या कोणत्या, या मोठ्या निर्णयांनी.

चौथा दिवस : होआ लू आणि रात्रीची गाडी

हॉस्टेलने पाहुण्यांसाठी ठेवलेली सायकल घेऊन होआ लूला गेले. दिन्ह बो लिन्ह या राजाने ९६८ मध्ये येथे राजधानी केली आणि १०१० मध्ये ली थाई तो या राजाने ती आजच्या हनोईच्या जागी हलवली. आता तेथे दिन्ह आणि ले घराण्यांची मंदिरे आहेत. सर्व बाजूंनी उभे डोंगर पाहिले की संरक्षणासाठी ही जागा का निवडली आणि वाढत्या राज्याला ती अपुरी का पडली, हे दोन्ही कळते.

रात्रीच्या गाडीचे तिकीट मी व्हिएतनाम रेल्वेच्या संकेतस्थळावर बरेच आधी काढून ठेवले होते. या गाड्यांत कठीण आसन, मऊ आसन, सहा जणांचा कठीण बर्थचा कप्पा आणि चौघांचा मऊ बर्थचा कप्पा, असे वर्ग असतात. सहाच्या कप्प्यात सर्वांत वरचा बर्थ स्वस्त आणि खालचा महाग असतो, कारण वरच्या बर्थवर नीट उठून बसताही येत नाही. रात्रभराच्या प्रवासाला कठीण आसन घेऊन वाचवलेले पैसे दुसऱ्या दिवशी झोपेत जातात. मी खालचा बर्थ घेतला. त्यात एका रात्रीचे हॉस्टेलचे भाडे वाचत होते, हेही जमेस धरले होते. रात्रीच्या शयनबसचा पर्याय स्वस्त आहे आणि अनेक जण तो निवडतात. दोन मजली बिछान्यांच्या त्या बसमध्ये बूट काढून पिशवीत घेऊन चढावे लागते. परंतु उंच माणसाला पाय लांब करता येत नाहीत, बस ठरल्या वेळेच्या पुष्कळ आधी पहाटे नेऊन सोडू शकते आणि मला रेल्वे अधिक सुरक्षित वाटते.

पाचवा दिवस : हुए

सकाळी हुएला उतरले. खोली दुपारी मिळणार होती, पण हॉस्टेलवाले सॅक ठेवून घेतात आणि तोंड धुण्यापुरती सोय करून देतात. हे आधी विचारून ठेवले होते.

न्युएन घराण्याची ही राजधानी १८०२ ते १९४५ पर्यंत होती. ३० ऑगस्ट १९४५ रोजी शेवटचा सम्राट बाओ दाई याने येथल्याच न्गो मोन दरवाज्यावरून राज्यत्याग केला. व्हिएतनाम युद्धात १९६८ च्या तेतच्या सणात कम्युनिस्ट फौजांनी केलेल्या आक्रमणाच्या वेळी किल्ल्यात आठवडेच्या आठवडे लढाई चालली आणि आतील बहुतेक वास्तू नष्ट झाल्या. त्यामुळे दोन लाख डोंगांचे तिकीट काढून आत गेल्यावर बऱ्याच ठिकाणी केवळ जोती आणि गवत दिसते, आणि काही प्रवासी निराश होऊन तासाभरात बाहेर पडतात. मी अर्धा दिवस आत होते. राजपूर्वजांच्या मंदिरासमोर १८३५ ते १८३७ या काळात ओतलेले नऊ प्रचंड कांस्य कुंभ आहेत. प्रत्येकावर त्या काळच्या देशातील डोंगर, नद्या, झाडे, प्राणी आणि नौका कोरल्या आहेत. लढाईतून ते वाचले. एकेका कुंभाभोवती सावकाश फिरत राहिले तर वेळ कसा जातो हे समजत नाही, आणि घाईच्या सहलीत हीच गोष्ट मिळत नाही.

संध्याकाळी नदीकाठी किल्ल्यासमोरच्या मंडपापाशी बसले. हे दृश्य पन्नास हजारांच्या नोटेवर आहे.

सहावा दिवस : हुए

हुएभोवती सम्राटांच्या समाध्या आहेत आणि मोठ्या समाध्यांचे तिकीट प्रत्येकी दीड लाख डोंग आहे. सर्व पाहायच्या म्हटल्या तर खर्च वाढतो आणि तिसऱ्या समाधीपासून लक्षही टिकत नाही, म्हणून एकमेकींहून अगदी भिन्न अशा दोन निवडल्या आणि किल्ल्यासह एकत्रित तिकीट घेतले, ते स्वस्त पडते. तु दुक याची समाधी १८६४ ते १८६७ दरम्यान त्याच्या हयातीतच बांधली गेली. तळे, पाइनची झाडे आणि पाण्यावरचा मंडप असलेल्या त्या उपवनात तो राहत असे, आणि त्याचे शव प्रत्यक्षात कोठे पुरले आहे हे कोणालाही ठाऊक नाही असे सांगतात. खाय दिन्हची समाधी १९२० ते १९३१ या काळातली, काँक्रीटची, बाहेरून काळवंडलेली आणि आतून काचेच्या व चिनी मातीच्या तुकड्यांच्या नक्षीने पूर्ण भरलेली आहे.

सायकलने गेले, चढ बरेच लागले. परतीच्या वाटेवर थिएन मू विहारात थांबले. १६०१ मध्ये स्थापन झालेल्या या विहारात सात मजली मनोरा आहे आणि प्रवेश विनामूल्य आहे. १९६३ मध्ये सायगॉनमध्ये आत्मदहन करणारे भिक्षू थिक क्वांग दुक ज्या मोटारीतून त्या चौकापर्यंत गेले ती मोटारही येथे ठेवली आहे.

रात्री कपडे धुवायला दिले. हॉस्टेलजवळच्या लाँड्रीत किलोवर दर असतो आणि दुसऱ्या सकाळी घड्या घातलेले कपडे मिळतात. सॅक हलकी ठेवणे या सोयीमुळेच जमते.

सातवा दिवस : हाय व्हान घाट आणि होई आन

हुए ते दा नांग हा शंभर किलोमीटरच्या आसपासचा रेल्वेप्रवास साध्या मऊ आसनाच्या तिकिटात देशातले अतिशय सुंदर दृश्य दाखवतो. रस्त्याने जाणाऱ्या बहुतेक बस २००५ मध्ये उघडलेल्या बोगद्यातून घाट टाळतात. रेल्वे मात्र समुद्राला लागून, डोंगराच्या कडेने जाते. दक्षिणेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला येतो, म्हणून तिकीट काढताना डाव्या बाजूची जागा निवडली होती. लांग को खाडी मागे पडली की गाडी मंदावते आणि झाडीमधून खाली निर्जन किनारे दिसू लागतात.

होई आनला रेल्वे नाही. दा नांगहून तीस किलोमीटर रस्त्याने जावे लागते. गाडीत भेटलेल्या दोन मुलींबरोबर ॲपवरून मोटार मागवली आणि भाडे तिघींत वाटून घेतले.

आठवा दिवस : मी सन

या प्रवासात जेवढे आधी वाचले होते त्यातील निम्मे मी सनविषयी होते. मध्य व्हिएतनामातील जुन्या चंपा राज्याच्या चाम राजांचे हे मंदिरक्षेत्र होई आनपासून चाळीस किलोमीटरच्या आसपास, डोंगरांनी वेढलेल्या दरीत आहे. चौथ्या शतकात भद्रवर्मन राजाने येथे भद्रेश्वर नावाने शिवलिंगाची स्थापना केली आणि तेराव्या शतकापर्यंत येथे विटांची मंदिरे बांधली जात होती. फ्रेंच अभ्यासक आंरी पार्मांतिये याने विसाव्या शतकाच्या आरंभी मंदिरसमूहांना अक्षरे देऊन त्यांची नोंद केली. तीच नावे आजही चालतात. १९६९ मधील अमेरिकी बॉम्बफेकीत येथले सर्वांत भव्य मंदिर कोसळले.

येथे मी नेहमीची रीत बदलली आणि सामायिक सहलीचे तिकीट घेतले. एकटीने मोटार करून जाणे त्याच्या कितीतरी पट महाग पडत होते आणि सार्वजनिक बसची जोडणी गैरसोयीची होती. त्याशिवाय अशा ठिकाणी जाणत्या मार्गदर्शकाचा उपयोग होतो. स्वतःहून जाणे दर वेळी स्वस्त पडतेच असे नाही. दोन्ही हिशेब कागदावर मांडून पाहावे लागतात. सहल निवडताना पहाटे निघणारी निवडली, कारण दहानंतर दरीत ऊन आणि गर्दी दोन्ही वाढतात. दीड लाखांचे प्रवेशशुल्क सहलीच्या रकमेत धरलेले आहे की नाही हे पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावे. बहुधा ते वेगळे असते.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने २०१७ पासून पुढची काही वर्षे येथील तीन मंदिरसमूहांच्या जतनाचे काम केले आणि त्या कामात २०२० मध्ये नवव्या शतकातील अखंड वालुकाश्मी शिवलिंग सापडले. ज्या विटांमध्ये चुन्याचा थर दिसत नाही त्या इतक्या घट्ट कशा बसल्या, याविषयी मार्गदर्शकाने निरनिराळी मते सांगितली. दाराच्या चौकटीवरचा संस्कृत शिलालेख आणि भिंतींवरच्या हात जोडलेल्या आकृती पाहताना मी इतरांच्या मागे राहत गेले आणि त्याने दोनदा थांबून माझी वाट पाहिली.

नववा दिवस : होई आन

होई आनच्या जुन्या गावासाठी एक लाख वीस हजार डोंगांचे तिकीट आहे आणि त्यात पाच वास्तू पाहता येतात. मी जपानी पूल, चिनी व्यापाऱ्यांचे फुजियन सभागृह आणि जुनी व्यापारी घरे निवडली. वीस हजारांच्या नोटेवरचा हा लाकडी पूल दीर्घ दुरुस्तीनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा खुला झाला. दुपारी काहीही केले नाही. भातशेतांमधून सायकलने आन बांगच्या किनाऱ्यावर गेले आणि सावलीत वाचत बसले. लांबच्या प्रवासात असे रिकामे दिवस आराखड्यातच धरावे लागतात. ते न धरल्यास थकवा किंवा आजारपण ते आपल्या सोयीने काढून घेते.

दहावा आणि अकरावा दिवस : दक्षिणेकडे

दा नांगहून हो ची मिन्ह सिटी रेल्वेने ९३५ किलोमीटर आहे आणि सतरा तासांच्या आसपास लागतात. विमानाने हे अंतर दीड तासाहूनही कमी वेळात कापता येते आणि सवलतीचे तिकीट कधीकधी बर्थच्या दरालाही मिळते. पण विमानतळापर्यंतचे जाणे-येणे, सामानाचे पैसे आणि त्या रात्रीचा बिछाना हे सर्व मिळवले तर रेल्वे मला स्वस्त पडली. ज्याचे दिवस मोजके आहेत त्याने विमानच घ्यावे. गाडीत खाद्यपदार्थांची ढकलगाडी फिरते आणि गरम पाणी मिळते. मी फळे, पाव आणि शेंगदाणे बरोबर घेतले होते.

बारावा दिवस : हो ची मिन्ह सिटी

फाम न्गू लाओ भागात सॅकवाल्यांच्या राहण्याच्या जागा दाटीने आहेत, पण तेथला बुई व्हिएन रस्ता रात्रभर गाजत असतो. मी दोन गल्ल्या पलीकडे राहिले, दर तोच होता. युद्धावशेष संग्रहालयाचे तिकीट चाळीस हजार डोंग आहे. युद्धात मरण पावलेल्या छायाचित्रकारांनी टिपलेली छायाचित्रे आणि रासायनिक फवारणीच्या परिणामांचे दालन पाहिल्यानंतर दुसरे काही पाहण्याची माझी इच्छा उरली नाही, म्हणून त्या दिवशीचा स्वातंत्र्य प्रासाद पुढच्या सकाळवर ढकलला. ३० एप्रिल १९७५ रोजी, युद्धाच्या अखेरच्या दिवशी, जिच्या फाटकातून उत्तर व्हिएतनामचे रणगाडे आत शिरले ती दक्षिण व्हिएतनामच्या राष्ट्राध्यक्षांची हीच वास्तू. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोने बेन थान्हपासून दूरच्या वस्त्यांपर्यंत थोड्या पैशांत जाऊन येता येते. शहर उंचावरून पाहण्याचा हा चांगला मार्ग आहे.

शेवटचा दिवस

डोंग व्हिएतनामबाहेर बदलून मिळणे अवघड असते, त्यामुळे अखेरच्या दोन दिवसांत पैसे मोजूनच काढले. उरलेल्या मोठ्या नोटा विमानतळावर डॉलरमध्ये बदलल्या. १०९ क्रमांकाची बस तान सन न्यात विमानतळाच्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलला जाते. तिचे भाडे वीस हजारांच्या आत आहे.

बसमध्ये वहीतला हिशेब पूर्ण केला. सर्वाधिक रक्कम विमान, विमा आणि व्हिसा यांवर, म्हणजे निघण्यापूर्वीच, खर्च झाली होती. त्याखालोखाल रेल्वेची आणि प्रवेशाची तिकिटे होती. राहण्याखाण्याला ठरवल्यापेक्षा कमी लागले. यावरून एवढे दिवस हाती नसणाऱ्यांना मी असे सुचवेन की सगळा देश विमानाने घाईघाईत पार करण्यापेक्षा हनोई, निन बिन्ह, हुए आणि होई आन एवढेच करावे. दा नांगलाही आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे, तेव्हा परतीचे तिकीट तेथूनच काढावे आणि ई-व्हिसाच्या अर्जात बाहेर पडण्याचे ठिकाण त्याप्रमाणे लिहावे.